शिक्का आणि गुलाब

शुभेच्छा देणं हे मोठं वेळखाऊ काम आहे, हे ज्याच्या ध्यानात आलं तो माणूस सरकारी नोकरीत होता, यात नवल नाही. त्याचं नाव हेन्री कोल. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत कुठंही पत्र जाऊ लागलं आणि स्वस्ताईत जे होतं तेच झालं. जो तो उठून पत्रं लिहू लागला. नाताळात कोलसाहेबांच्या टेबलावर ढीग! उत्तरं न द्यावीत तर सभ्यपणा आड येतो. शेवटी १८४३ साली त्यांनी हॉर्सली नावाच्या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारभर प्रती छापल्या. वर समोरच्याचं नाव, खाली स्वतःची सही, की झाली शुभेच्छा! उरलेली कार्डं एका शिलिंगला एक या दराने विकली. चित्रातली मंडळी पोराबाळांसकट पेले घेऊन बसलेली, त्यामुळे दारूबंदीवाले खवळले ते वेगळंच. असो. नाताळचं छापील कार्ड जन्माला आलं ते असं, वेळ वाचवण्यासाठी.

त्या सपाट कागदाला उठाव देण्याचा उद्योग केला तो बायकांच्या हातांनी. अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या एस्थर हाउलंडला १८४७ साली इंग्लंडहून आलेलं एक झालरीचं प्रेमकार्ड मिळालं. वडिलांचं कागद-वह्यांचं दुकान होतंच. 'हे मीसुद्धा करीन' म्हणून तिनं जाळीचे कागद, रंगीत फुलं मागवली, नमुने केले आणि भावाच्या पेटीत घातले. दोनशे डॉलर्सचं काम मिळालं तरी पुरे, असा तिचा हिशेब. भाऊ परतला तो पाच हजारांवर मागणी घेऊन! मग मैत्रिणी बोलावल्या. एकीनं कापायचं, दुसरीनं चिकटवायचं. दोन थरांमध्ये कागदाची नागमोडी घडी ठेवायची, म्हणजे वरचं फूल उचलल्यासारखं दिसतं. सुट्टीतल्या हस्तकलेच्या वर्गात आजही हीच युक्ती शिकवतात. जन्मभर लोकांची प्रेमं जुळवणारी ही बाई स्वतः मात्र अविवाहित राहिली. धंदा आतून कळला होता म्हणायचा!

आपल्याकडे १८५४ पासून पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात देशभर जाऊ लागलं. पुढे दिवाळीची कार्डं आली, हलव्याची पुडी चिकटवलेली संक्रांतीची कार्डं आली. पण कागदी फुलाचं आणि टपालाचं जमणं कठीण. शिक्का हा शेवटी 'मारायचा' असतो, भाषेनंच तसं सांगून ठेवलंय. गुलाबाचा त्यात काय निभाव लागणार?

म्हणूनच माझ्या पुतणीनं हरसूलहून कार्ड पाठवलं ते मिठाईच्या खोक्यात घालून, नाशिकला येणाऱ्या एका गुरुजींच्या मांडीवर बसवून. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या या गावी ती शाळेत शिकवते. आमची ही तेव्हा ऑपरेशन होऊन पडून होती. वर्गातल्या मुलांनी बाईंच्या काकूसाठी कार्ड केलं होतं. उघडलं, तर आत प्रत्येक मुलाचा एकेक गुलाब. कागदाची चकती घ्यायची, गोगलगायीच्या पाठीसारखी गोल गोल आतपर्यंत कापत न्यायची, मग बाहेरच्या टोकापासून गुंडाळत यायचं आणि बुडाशी खळ लावायची. दोन मिनिटांत जमतं म्हणतात. मला वीस लागली आणि झाली कोबी.

आमच्या हिनं पडल्या पडल्या सगळे गुलाब मोजले. एकावर खळीचा अंगठा उमटला होता. "हा कुणाचा गं?" म्हणून तिनं फोनवर पुतणीला विचारलं. आठवडाभरात तिनं माणसाची आपणहून केलेली ही पहिली चौकशी. तोवर औषधाच्या वेळेखेरीज ती बोलत नव्हती.

मी पुतणीच्या शिकवण्याचं कौतुक केलं. ती म्हणाली, "काका, इथल्या पोरांना कागद उभा करायला मी काय शिकवणार?" खरंच होतं. हरसूल, पेठ, जव्हार, मोखाडा हा सगळा बोहाड्याचा मुलूख. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे रंगवायचे, तोंडावर बांधायचे आणि रात्रभर संबळाच्या तालावर देव-दानवांनी गावात नाचायचं. जिथं लगद्याचा देव होतो, तिथं चकतीचा गुलाब व्हायला कितीसा वेळ?

वेळ लागतोच, अन् खरी गोम तिथेच आहे. कोलसाहेबांना हवं होतं ते आता पुरतं साधलंय. दिवाळीच्या पहाटे एकाच दणक्यात दोनशे जणांना दिवे, रांगोळी आणि हलणारी पणती रवाना होते. सहीसुद्धा लागत नाही. पाठवणाऱ्याला नावं आठवत नाहीत आणि घेणाऱ्याला चित्र. तक्रार कसली करायची? सोय तर झालीच. फक्त या दोनशेंपैकी एखाद्याला कधी बरं नसेल, तर त्या वाचलेल्या वेळातली वीस मिनिटं काढावीत. कात्री घरात असतेच. कोबी झाली तरी चालते.