महाराणी कुमारदेवी : सारनाथच्या अखेरच्या पर्वातील एक उपासिका

सारनाथला जाणारा उपासक धम्मेक स्तूपाला वंदन करतो, अशोकस्तंभाचे अवशेष पाहतो आणि सिंहशीर्षासमोर काही क्षण स्तब्ध उभा राहतो. उत्तरेकडे पसरलेल्या एका विस्तीर्ण बांधकामाच्या पायापाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. पूर्व-पश्चिम सुमारे 760 फूट लांबीची ही वास्तू 'धर्मचक्रजिन विहार' म्हणून ओळखली जाते. बाराव्या शतकातील कनौज-वाराणसीच्या गाहडवाल राजा गोविंदचंद्र याची राणी कुमारदेवी हिच्या नावाशी अभ्यासकांनी ती जोडली आहे. आमच्या इतिहासलेखनात या राणीचा उल्लेख झालाच तर तो एखाद्या ओळीत आटोपतो. तिचा व तिच्या कुळाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

कुमारदेवीविषयीची आपली माहिती प्रामुख्याने एका शिलालेखावर आधारलेली आहे. 1908 मध्ये मार्शल आणि स्टेन कोनो यांच्या उत्खननात धम्मेक स्तूपाच्या उत्तरेस तो मिळाला आणि कोनो यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये प्रसिद्ध केला. भाषा संस्कृत, लिपी नागरी आणि श्लोक 26. प्रशस्ती रचली ती कुंद नावाच्या कवीने आणि दगडावर कोरली ती वामन नावाच्या शिल्प्याने. आरंभी वसुधारा देवीला वंदन आहे, यावरून हा महायान-वज्रयान परंपरेचा काळ होता हे लक्षात येते. लेखावर कालनिर्देश नाही. परंतु गोविंदचंद्राची राजवट साधारणपणे इ.स. 1114 ते 1154 अशी मानली जाते, त्याच काळातील तो आहे.

प्रशस्ती आधी राणीचे कुळ सांगते. पीठी हे गया-बोधगयेच्या परिसरातील राज्य असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथील वल्लभराजाच्या वंशात, छिक्कोर कुळात, देवरक्षित हा अधिपती झाला. तो कुमारदेवीचा पिता. तिची माता शंकरदेवी ही अंग देशाचा राजा महण याची कन्या. हा महण म्हणजे संध्याकर नंदीच्या 'रामचरित' काव्यातील मथन होय. तो राष्ट्रकूट कुळातील असून बंगालच्या पाल घराण्यातील राजा रामपाल याचा सख्खा मामा होता. म्हणजे शंकरदेवी ही रामपालाची मामेबहीण आणि कुमारदेवी ही त्याची भाची ठरते.

हे नाते कसे जुळले तेही शिलालेखातच आहे. महणाने आधी देवरक्षिताला युद्धात जिंकले आणि त्यालाच आपली कन्या दिली. रणांगणावरचा तह विवाहाने पक्का झाला. त्या विवाहातून कुमारदेवी जन्मली. पुढे तिचाही विवाह कनौजच्या राजाशी झाला. गोविंदचंद्राने युवराज असतानाच गौड देशाच्या सैन्याशी झुंज दिली होती; तेव्हा हा विवाहसुद्धा दोन सत्तांमधील समेटाचा भाग असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. मातेप्रमाणे कन्याही राजकारणाच्या पटावरील सोंगटी झाली. या व्यवहारात त्या दोघींना काय वाटले, हे विचारण्याची रीत प्रशस्तिकारांना नव्हती.

येथे एक अप्रिय सत्यही नोंदवले पाहिजे. पालांच्या राज्यात दिव्य या कैवर्त नायकाने उठाव करून राजा दुसरा महीपाल याला पदच्युत केले आणि वरेंद्रीत कैवर्तांची सत्ता स्थापन केली. पुढे भीमाच्या काळात रामपालाने सामंत गोळा करून ती सत्ता मोडून काढली व भीमाला ठार केले. या मोहिमेत त्याचा मोठा आधार होता मामा महण. पाल राजे बौद्ध होते, विहारांचे आश्रयदाते होते. परंतु श्रमणारा समाज उभा राहिला तेव्हा ते इतर राजांसारखेच वागले. ज्या कुळाने धम्माला दान दिले त्याच कुळाने कैवर्तांना चिरडले. इतिहास लिहिताना यातील एकच बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आता कुमारदेवीच्या कार्याकडे वळू. तिचा पती शैव होता. गाहडवाल राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'परममाहेश्वर' म्हणवीत. याच प्रशस्तीत तुरुष्कांपासून वाराणसीचे रक्षण करण्यासाठी शिवाच्या विनंतीवरून विष्णूने घेतलेला अवतार म्हणून गोविंदचंद्राची स्तुती केली आहे. बौद्ध विहाराच्या लेखातही राजाची थोरवी सांगण्यासाठी हरी आणि हर यांना आणावे लागले! मात्र अशा राजवाड्यात राहूनही राणीने माहेरचा धम्म सोडला नाही. तिने विहार बांधला आणि धर्मचक्रजिनाची, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तित करणाऱ्या बुद्धाची, पुनःस्थापना केली. ही स्थापना धर्माशोक नरपतीच्या काळी होती तशीच, किंबहुना त्याहूनही अधिक विस्मयकारक केली, असे शिलालेख सांगतो.

हा उल्लेख आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. अशोकाच्या ब्राह्मी लेखांचे वाचन जेम्स प्रिन्सेप यांनी पूर्ण केले ते 1837 मध्ये, आणि अशोकाच्या स्वतःच्या शिलालेखात 'अशोक' हे नाव स्पष्टपणे मिळाले ते 1915 मध्ये मस्की येथे. त्यापूर्वी सुमारे आठशे वर्षे एक उपासिका आपल्या दानाचे माप अशोकाच्या काळाशी जोडून पाहते. पती, पिता आणि आजोबा यांच्या पराक्रमांनी भरलेल्या या प्रशस्तीत तिचे स्वतःचे असे जे काही आहे, ते या स्मृतीत आहे. बौद्ध परंपरेने अशोकाला विसरू दिले नाही, याचा हा दगडावरचा पुरावा होय.

कुमारदेवी एकटी नव्हती. गोविंदचंद्राची दुसरी राणी वसंतदेवी हीदेखील महायानी उपासिका होती, असे अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेच्या एका हस्तलिखितावरून कळते. स्वतः राजाने विक्रम संवत 1186 मध्ये, म्हणजे इ.स. 1130 च्या सुमारास, श्रावस्तीच्या जेतवन महाविहारातील भिक्खुसंघाला सहा गावे दिली. हा ताम्रपट सहेत येथे सापडला आणि सहेत म्हणजेच जेतवन हे निश्चित झाले. त्यात उत्कल देशाचा शाक्यरक्षित आणि चोड देशाचा त्याचा शिष्य वागीश्वररक्षित यांची नावे आहेत. बाराव्या शतकात ओडिशा व तमिळ प्रदेशातील भिक्खू श्रावस्तीशी जोडलेले होते, यावरून धम्म तेव्हा मृत झालेला नव्हता हे उघड आहे.

प्रशस्तीच्या शेवटी, जो कोणी या पुण्यकीर्तीचा लोप करील त्याला लोकपाल शासन करोत, अशी वाणी आहे. त्या वाणीने काही वाचले नाही. गोविंदचंद्राचा नातू जयचंद्र 1194 मध्ये चंदावरच्या युद्धात मारला गेला आणि वाराणसी लुटली गेली. राजघराणे कोसळले, दानाचा झरा आटला आणि सारनाथ ओसाड झाले. आक्रमणाचा आघात खराच. परंतु ज्या विहाराची चूल राजाच्या कोठारावर पेटत होती ती राजाबरोबरच विझली, हेही तितकेच खरे आहे. मोडलेला विहार पुन्हा उभारणारा उपासकांचा व्यापक समाज भोवती उरला नव्हता.

म्हणून कुमारदेवीचे स्मरण कृतज्ञतेने करावे आणि तिच्या विहाराच्या पायापाशी थोडे थांबावे. तिने आपल्या वाट्याचे काम केले. धम्माचा भार केवळ एका राणीच्या खांद्यावर राहू नये, ही जबाबदारी समाजाची होती. आणि ती आजही समाजाचीच आहे.