सातपुड्याच्या वाटा आणि सायकल

वरवट बकाल हें बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांतील एक गांव. पूर्णेच्या खोऱ्यांत, कपाशीच्या काळ्या जमिनींत तें वसलें आहे. पाऊस उघडल्यावर गांवाबाहेर उभें राहून उत्तरेकडे दृष्टि टाकली असतां शेतांच्या पलीकडे सातपुड्याची निळी रांग आडवी पसरलेली दिसते. गेल्या कार्तिकांत आम्ही तेथें एका स्नेह्यांकडे गेलों असतां त्यांच्या दोन कॉलेजांत जाणाऱ्या मुलांनीं आमच्यापुढें एक बेत मांडला. आल्प्स पर्वतांतील नद्यांच्या खोऱ्यांत तरुण मंडळी जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन पायवाटांनीं खालीं उतरतात, त्याचीं चलच्चित्रें त्यांनीं पाहिलीं होतीं. वान नदीच्या खोऱ्यानें आपणही तसेंच सातपुड्यांत कां शिरूं नये, असा त्यांचा प्रश्न होता. "काका, वाटा तर आयत्याच आहेत," असें धाकटा म्हणाला.

'आयत्या' या शब्दापाशीं आम्ही थबकलों. इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास तो शब्द सहज सोडवत नाहीं. वाट आयती कधींच नसते. ती कोणीं तरी पाडलेली असते, आणि पाडणाराचा हक्क मागून येणाऱ्यास विचारांत घ्यावाच लागतो. त्या मुलांस तेव्हां जें उत्तर आम्हीं तुटकपणें दिलें, तेंच येथें कांहींसें विस्तारानें देत आहों.

प्रथम आल्प्सचाच दाखला घेऊं. फ्रान्समधील ड्युरान्स नदीच्या खोऱ्यांत ब्रियांसाँ नांवाचें शहर आहे. वोबाँ या प्रख्यात फ्रेंच दुर्गरचनाकारानें इ. स. १६९२ पासून त्याची नवी तटबंदी आंखली. तेथें व पुढें सीमेवरील इतर शिखरांवर जे दुर्ग झाले, त्यांना दारूगोळा व शिधा खेचरांच्या पाठीवरून जाई. लादलेल्या जनावरास चढ सोसावा म्हणून या वाटा वळणावळणानें खोदल्या गेल्या. त्याखेरीज मीठ नेणारे खेचरवाले, उन्हाळ्यांत गुरें वरच्या कुरणांत चढविणारे गवळी, खिंडीपलीकडच्या देवळास जाणारे यात्रेकरू, यांच्या वाटा निराळ्याच. आज सायकलस्वार ज्या वळणाची वाहवा करितो, तें वळण मूळचें खेचराच्या दमाचें माप आहे!

आमच्या सातपुड्याची कथा याहून फारशी निराळी नाहीं. तापी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांमध्यें हा डोंगर उभा आहे, आणि मेळघाटांत उगम पावणारी वान त्यास चिरीत दक्षिणेस पूर्णेकडे येते. डोंगराच्या खिंडींवर ज्याची नजर त्याची वऱ्हाडावर सत्ता, हें जुन्या राज्यकर्त्यांनीं ओळखिलें होतें. म्हणूनच नरनाळा व गाविलगड हे दोन किल्ले या रांगेवर उभे राहिले. बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें पंधराव्या शतकांत त्यांच्या बांधकामाकडे लक्ष पुरविलें. नरनाळ्याचा सुंदर महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. अबुल फजलनें ऐन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचे जे सरकार नोंदविले आहेत, त्यांतही नरनाळा आहे.

परंतु किल्ले राजांचे असले तरी वाटा राजांच्या नव्हत्या. त्या मुळांत कोरकू, निहाल आदि वनवासी लोकांच्या पायांनीं पडल्या, आणि बंजाऱ्यांच्या लादणीच्या बैलांनीं त्या रुंदावल्या. टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानें सतराव्या शतकांत दहा-बारा हजार बैलांचे तांडे आपल्या प्रवासांत पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस अशाच बैलांच्या पाठीवरून पार गंगाकांठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. येणाऱ्या बैलांवर मीठ, जाणाऱ्यांवर कापूस व धान्य. 'बकाल' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ धान्य-किराणा विकणारा वाणी असा आहे. तो शब्द आपल्या नांवांत वागविणाऱ्या गांवांत बसून या तांड्यांचें स्मरण व्हावें, हें आम्हांस उचितच वाटलें.

या वाटांवर चाक आलें तें फार उशीरां, आणि तें युद्धाचें आलें. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं वरवटाहून फार दूर नसलेल्या अडगांवच्या मैदानांत जनरल वेलस्लीनें नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. भोसल्यांची कांहीं फौज गाविलगडाच्या आश्रयास गेली. गडाची उत्तर बाजू त्यांतल्या त्यांत दुर्बल, म्हणून कर्नल स्टीव्हन्सन आपल्या जड तोफा घेऊन डोंगरांत शिरला. ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत दऱ्याखोऱ्यांतून या तोफा शिपायांनीं जवळजवळ सर्व वाट हातांनीं ओढिल्या, आणि रस्ताही त्यांनींच आपल्यापुढें करीत नेला. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां मारला गेला, आणि १७ तारखेस देवगांवच्या तहावर सह्या झाल्या. तथापि, वेलस्लीच्या सैन्यास धान्य पुरविणारे बंजारेच होते, ही गोष्ट विसरतां कामा नये. चाक पुढें गेलें तें बैलाच्या खुराच्या आधारानें.

सह्याद्रींतही हेंच झालें. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला होण्यापूर्वीं तेथून लादणीचे बैलच चढत. या घाटांत शिंगरोबाचें ठाणें आहे. घाटाची वाट गोऱ्या साहेबास या धनगरानें दाखविली आणि त्याचें बक्षीस म्हणून त्यास गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेस कागदाचा आधार नसेल, पण लोकांच्या न्यायबुद्धीचा आहे. १९४५ पासून सुरू झालेल्या मुंबई-पुणें सायकल शर्यतींत जो हा घाट प्रथम चढतो त्यास 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या राजाच्या वाटेवर हा धनगर बसलेला आहे.

१८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली. तिच्या रुळांवर शेगांव आलें, जलंब आलें, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वळला. तांडे मोडले. डोंगरांतील वाटा पुन्हां ज्यांच्या होत्या त्यांच्याकडे, म्हणजे कोरकूंकडे आल्या, पण फार दिवस राहिल्या नाहींत. सरकारनें वनें राखीव केलीं. पुढें १९७३-७४ सालीं देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाट निवडला गेला, आणि १९९७ सालीं संग्रामपूर तालुक्यांतील अंबाबरवा अभयारण्य घोषित झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १२७ चौरस किलोमीटर आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मेळघाटांतील अनेक गांवें उठून खालीं मैदानांत आलीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें अशा स्थलांतरास ग्रामसभेची संमति आवश्यक केली आहे. संमति कोठें मनापासून मिळाली व कोठें निरुपायानें, हें त्या गांवच्या म्हाताऱ्यांस विचारावें. वाघास निवांत जागा हवी, हें आम्ही मान्य करितों. परंतु ज्यांचे पूर्वज त्या वाटेनें चालले त्यांस ती बंद व्हावी, आणि सुट्टीचा आनंद लुटावयास आलेल्यांस ती खुली व्हावी, असें घडल्यास त्यास न्याय कोण म्हणेल?

शिवाय तेथें आगगाडीलाही वाट सोडावी लागली आहे. मेळघाटांतून जाणारी अकोला-खंडवा छोटी गाडी २०१७ च्या आरंभीं थांबली. नवा रुंद मार्ग व्याघ्रवनांतून न नेतां बाहेरून, सोनाळा-जामोदच्या अंगानें न्यावा, असें पत्र २०२१ सालीं महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीं रेल्वेमंत्र्यांस लिहिलें. एवढ्या मोठ्या चाकास जो नियम, त्यांतून सायकलीचें चाक सुटत नाहीं.

डोंगरी सायकलीचा स्वतःचा इतिहासही हेंच शिकवितो. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टॅमलपाइस नांवाचा डोंगर आहे. तेथें कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन उतरूं लागले, आणि ऑक्टोबर १९७६ मध्यें त्यांची पहिली शर्यत झाली. उतारावर ब्रेक इतके तापत कीं आंतील वंगण जळून जाई व प्रत्येक वेळीं तें नव्यानें भरावें लागे. शर्यतीचें नांवही त्यावरूनच पडलें. १९८१ पासून अशा सायकली कारखान्यांत मोठ्या संख्येनें होऊं लागल्या, आणि १९९६ सालीं अटलांटा येथें हा खेळ ऑलिंपिकांत आला. परंतु दरम्यान त्याच डोंगरावर चालणारे व घोडेस्वार यांच्याशीं सायकलवाल्यांचें भांडण जुंपलें, आणि ज्या वाटांवर हा खेळ जन्मला त्यांतील अनेक त्यास बंद झाल्या. आल्प्समध्यें ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतानें १९९७ पासून निराळी तोड काढिली. तेथें वनांत पायीं फिरण्यास सर्वांस मोकळीक आहे, पण चाक न्यावयाचें तर मालकाची संमति लागते. म्हणून प्रांतसरकारनें जमीनमालकांशीं करार केले, अपघाताच्या जबाबदारीचा भार उचलला, आणि ठरलेल्या वाटांवर खुणेच्या पाट्या लावल्या. विचारून घेतलेली वाट टिकते, न विचारतां घेतलेली भांडणांत जाते.

त्या मुलांस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, अभयारण्यांत परवानगीवांचून शिरणें हा गुन्हा आहे व तो विचार सोडावा. परंतु वनाच्या सीमेबाहेर, सोनाळा-टुणकीच्या अंगास, शिवाराच्या गाडवाटा व नदीकांठच्या पाणंदी पुष्कळ आहेत. वारी येथें वान नदी जेथें डोंगरांतून बाहेर पडते, तेथें हनुमान सागराचें धरण आहे. तेथपर्यंत सायकलीनें जाणें हाच एक चांगला दिवस होईल. पण जाण्यापूर्वीं वाटेवरील गांवांत उतरावें, म्हाताऱ्या माणसांस भेटावें, कोणती वाट कोठें जाई, तिचें नांव काय, कोठें तांडा उतरे, कोठें पाणी असे, हें वहींत टिपावें. वर चढणारे पाय थांबले कीं नांवें पहिल्यानें जातात, आणि नांव गेलें कीं वाट खरोखरच कोणाचीही उरत नाहीं. मग तिला 'आयती' म्हणावयास लोक मोकळे!

धाकट्यानें तेव्हां कांहीं उत्तर दिलें नाहीं. गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें. त्यांत सायकलीविषयीं दोन ओळी आहेत. बाकी चार पृष्ठें डोंगरांतून खालीं आलेल्या एका आजोबांनीं सांगितलेल्या वाटांचीं नांवें आहेत.