सकाळी, रात्री, सोमवारी : रमाबाई रानडे यांचे इंग्रजी

1878 साली महादेव गोविंद रानडे यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. त्यांचा जन्म निफाडचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. सोबत पत्नी रमाबाई होत्या. 1873 च्या डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः त्यांना शिकवायला घेतले. पुण्याच्या एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. नाशिकच्या बिऱ्हाडात तो जाच नव्हता आणि अभ्यास निर्वेध चालू लागला.

मराठीच्या पाठोपाठ इंग्रजी आले. त्या काळच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला जी अडचण येई, ती आजही तशीच आहे. अवघड शब्द एक वेळ कोशात सापडतो. खरी फजिती होते ती 'इन', 'ऑन', 'ॲट', 'बाय' या चिमुकल्या शब्दांपाशी.

मराठीत सकाळी, रात्री, सोमवारी. तिन्ही ठिकाणी सप्तमीचा एकच 'ई'. इंग्रजीत तेच 'इन द मॉर्निंग', 'ॲट नाइट' आणि 'ऑन मंडे'. गाडीने जायचे तर 'बाय ट्रेन', पायी जायचे तर 'ऑन फुट'. असे का, याला पटण्याजोगे उत्तर व्याकरणाकडे नाही. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे चिकटतात, इंग्रजीत हे शब्द नामाच्या पुढे उभे राहतात. पण जागेतला हा फरक चार दिवसांत अंगवळणी पडतो. 'सप्तमी म्हणजे इन' हे समीकरण मात्र पावलोपावली दगा देते. असे शब्दसमूह अख्खेच उचलावे लागतात. (आपण पाठ करतो ते तोंडाने, म्हणून 'तोंडपाठ', इंग्रजांचे पाठांतर 'बाय हार्ट'!)

पुढे तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'ने कित्येक पिढ्यांना मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत वाक्ये उतरवण्याचा सराव दिला. सरावाला पर्याय नव्हताच. परंतु पाठांतराहूनही उपयोगी पडतो तो कान, आणि कान तयार होण्यासाठी ती भाषा सतत ऐकावी लागते. रानड्यांना एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ती वर्षानुवर्षे ऐकायला मिळाली. रमाबाईंना कोणते कॉलेज खुले होते? त्यांचे विद्यालय म्हणजे घर आणि गुरू म्हणजे पती.

तरीही नाशिकमध्येच त्या प्रथम सार्वजनिक समारंभात उभ्या राहिल्या. पुण्यास परतल्यावर मिस हरफर्ड त्यांना इंग्रजी शिकवू लागल्या. इंग्रज बाईच्या तोंडून इंग्रजी ऐकण्याची ही संधी मोलाची होती, पण तिची किंमत घरात मोजावी लागली. वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पुन्हा उसळला. नवऱ्याने शिकवणे एक वेळ सोसता येई, मडमेकडून शिकणे म्हणजे विटाळ.

मुलींसाठी हायस्कूल हवे, या मागणीकरिता पुण्यात सभा भरली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले. घरी आल्यावर त्यांच्या वाट्याला आले ते टोमणे. 1884 साली पुण्यात ती शाळा उघडली. पुढे लोक तिला 'हुजूरपागा' म्हणू लागले.