तांदूळ, भात आणि ‘राइस’

नारोशंकरांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकात, झाशीत मराठी वस्ती वाढली. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले आणि कारभारात इंग्रजीचा अंमल सुरू झाला. मराठी मूल या भाषेत अडखळते ते जेवणाच्या ताटापाशीच. आंबे किती, दूध किती, असा एकच ‘किती’ मराठीला पुरतो. इंग्रजीला मात्र आंब्यांसाठी ‘मेनी’ व दुधासाठी ‘मच’ लागते. उलट, मराठीत तांदूळ निवडले जातात आणि भात शिजतो; इंग्रजीत दोन्ही ‘राइस’च. झाशीच्या बाजारातला हिंदी ‘चावल’ही दोन्ही अर्थांनी चालतो. म्हणजे येथे हा भेद सांभाळणे मराठी घराकडे आणि मराठी शाळेकडेच येते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठीच्या आधारे इंग्रजी शिकवले. त्या रीतीत नवा शब्द मिळवताना जुना गमवावा लागत नाही.