गोबरगॅसमुळे रोगराई पसरते का? जर्मनीतली साथ, मेथीदाणे आणि आपल्या गावातले खरे धोके

गावाजवळ सीबीजी किंवा इथेनॉलचा प्रकल्प येणार म्हटलं, की ग्रामसभेत दोन प्रश्न हमखास निघतात. वासाचं काय? आणि त्या टाक्यांतल्या जंतूंनी रोगराई पसरली तर? दुसऱ्या प्रश्नावर मोबाईलवर वाट्टेल ते फिरतं. कोणी म्हणतं नवीन जंतू तयार होतात, कोणी म्हणतं जनावरं मरतात. यातलं तपासलेलं किती आणि नुसता अंदाज किती, ते पाहू.

टाकीत नेमकं काय चालतं?

गोबरगॅसच्या टाकीत हवा नसते. शेण, उष्टं-खरकटं किंवा कारखान्याचा प्रेसमड तिथे कुजतो. हे काम निरनिराळे जिवाणू टप्प्याटप्प्याने करतात. शेवटच्या टप्प्यात मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. गायी-म्हशींच्या पोटात आणि भाताच्या खाचरातही असेच जीव असतात. त्यांना हवा लागली की ते तग धरत नाहीत. त्यांच्यामुळे माणसात साथ पसरल्याचं उदाहरण नाही.

इथेनॉलचं तंत्र वेगळं. मळी किंवा उसाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार करतं. पाव फुगवायला वापरतात त्याच जातीचं हे यीस्ट. पुढे उकळून अल्कोहोल वेगळं काढतात, त्या उष्णतेत यीस्ट मरतं.

म्हणजे इंधन तयार करणारे जंतू हा मोठा धोका नाही. प्रश्न आहे तो कच्च्या मालाबरोबर आत येणाऱ्या जंतूंचा. शेणात ई. कोलाय, साल्मोनेला असू शकतात. मैला असेल तर जंताची अंडी असतात.

जर्मनी, २०११: संशय टाकीवर, दोष बियाण्यात

या विषयावरचा सगळ्यात मोठा धडा जर्मनीतला आहे. मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत लोकांना रक्ताचे जुलाब सुरू झाले. अनेकांच्या किडन्या बंद पडल्या. ई. कोलायचा एक घातक प्रकार, ओ१०४:एच४, यामागे होता. जर्मनीत ३,८०० पेक्षा जास्त लोक आजारी पडले. त्यातल्या ८५५ जणांच्या किडनीवर परिणाम झाला आणि ५३ जण दगावले.

२६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य विभागाने स्पेनच्या काकडीवर बोट ठेवलं. काकडीवर ई. कोलाय सापडला होता, पण तो दुसराच प्रकार निघाला. तोवर युरोपभर काकडी, टोमॅटो, कोथिंबिरीसारखी वापरली जाणारी हिरवी पानं सगळ्यांचीच मागणी कोसळली. शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. शेवटी युरोपियन युनियनला भाजी उत्पादकांसाठी २० कोटी युरोंपेक्षा जास्त भरपाई द्यावी लागली.

याच गोंधळात बायोगॅसवर संशय आला. जर्मनीत तेव्हा सुमारे सात हजार बायोगॅस प्रकल्प होते. त्यांची स्लरी शेतात जायची. टाकीत जंतू एकत्र येऊन नवा प्रकार तयार झाला असेल आणि स्लरीतून भाजीवर गेला असेल, अशी शंका वर्तमानपत्रांत छापून आली. ऐकायला पटण्यासारखी होती. शेण आहे, जंतू आहेत, भाजी आहे. पण कोणी टाकीतून तो जंतू काढून दाखवला नव्हता.

तपास मात्र वेगळ्या दिशेने गेला. रुग्णांना काय खाल्लं ते नीट आठवत नव्हतं. काकडी, टोमॅटो आठवायचं, पण सॅलडवर भुरभुरलेले चार मोड कोण लक्षात ठेवणार? मग तपास पथकाने एकाच हॉटेलात गट करून जेवलेल्या लोकांची यादी केली. त्यांनी मागवलेले पदार्थ, जेवताना काढलेले फोटो आणि आचाऱ्याकडून प्रत्येक पदार्थाची कृती घेतली. उत्तर निघालं. मोड आलेलं धान्य पडलेले पदार्थ खाणाऱ्यांत आजारी पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १४ पट होतं. जे आजारी होते त्या सगळ्यांच्या ताटात ते मोड होते.

माग काढत पथक लोअर सॅक्सनीतल्या मोड तयार करणाऱ्या एका फार्मवर पोचलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोजवळ काही लोक तशाच जंतूने आजारी पडले. त्यांनीही मोड खाल्ले होते, पण त्या जर्मन फार्मवरचे नाही. दोन्हीकडे समान धागा एकच निघाला: इजिप्तहून आलेले मेथीदाणे. जुलै २०११ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तो निष्कर्ष जाहीर केला.

आणखी एक खूण होती. हा जंतू ज्या गटातला आहे, तो गट प्रामुख्याने माणसाच्या आतड्यात आढळतो, गुरांच्या नाही. त्यामुळे शेणाच्या टाकीवरचा संशय आधीच लंगडा होता.

दुसरा संशय: गुरांचा बोट्युलिझम

जर्मनीतच काही गोठ्यांत दूध कमी होणं, जनावरं खंगणं, मरणं असे प्रकार होत होते. बायोगॅसच्या स्लरीतून बोट्युलिझमचे जंतू शेतात आणि चाऱ्यात पसरतात, असा अंदाज मांडला गेला. हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने १३९ दुग्धगोठे तपासले. आजारी आणि निरोगी दोन्ही प्रकारचे गोठे त्यात होते. या जंतूमुळेच गुरं खंगतात असा पुरावा मिळाला नाही.

अंदाज बांधणं चूक नव्हतं. शंका घेतलीच पाहिजे. पण शंका आली म्हणजे सिद्ध झालं, असं नसतं.

मग खरे धोके कुठे आहेत?

धोका नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. सूक्ष्मजीव, जैवइंधन आणि आजार यांचे तीन संबंध नीट माहिती झालेले आहेत. तिन्ही आपल्या भागात लागू पडतात.

१) बुरसटलेला बगॅस. कारखाने बगॅस जाळून वीज करतात. ओला ढीग महिनोन्महिने पडला की आतून तापतो आणि त्यात उष्णतेत वाढणारे जिवाणू माजतात. असा बगॅस उपसताना पांढरट धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाते. काही तासांत ताप, कोरडा खोकला, धाप लागते. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेत लुईझियानाच्या ऊसपट्ट्यातल्या कामगारांत १९४१ मध्ये त्याची नोंद झाली. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण न्यूमोनिया किंवा टीबी समजून चुकीचे उपचार होऊ शकतात. वारंवार धूळ घेत राहिलं तर फुप्फुसं कायमची कडक होतात.

२) टाकीतला विषारी वायू. कुजताना काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. हवेत दहा लाख भागांत साधारण १०० भाग झाला, की नाकाला वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं वायू गेला. प्रमाण आणखी वाढलं की काही श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला भाऊ, शेजारीही तिथेच पडतो. एका घरातली दोन-तीन माणसं एकदम जातात ती अशी.

३) कच्ची स्लरी. गावातली टाकी साध्या तापमानावर चालते. महिना-दीड महिन्यात साल्मोनेलासारखे जंतू बरेच कमी होतात, पण सगळे मरत नाहीत. जंताची अंडी तर चिवट असतात. ५५ अंशांवर चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पात जंतू खूप लवकर मरतात. युरोपात हॉटेलचं उष्टं किंवा प्राण्यांचे अवशेष वापरायचे असतील तर ते आधी ७० अंशांवर एक तास तापवायचा नियम आहे.

तरीही उघड्या उकिरड्यापेक्षा टाकी बरीच. पुणे जिल्ह्यातल्या देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गोबरगॅसचा प्रसार केला, तो गावातली रोगराई कमी व्हावी म्हणूनच. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

नवा दावा आला तर काय विचारायचं?

- तो जंतू रुग्णात सापडला का? आणि तोच प्रकार टाकीत सापडला का? नुसता ‘ई. कोलाय सापडला’ पुरत नाही, काकडीच्या बाबतीत तीच चूक झाली.
- टाकीपासून माणसापर्यंत तो कसा पोचला: पाणी, भाजी, धूळ?
- प्रकल्पापासून लांबची माणसंही तशीच आजारी आहेत का? असतील तर कारण दुसरं शोधा.
- आजारी आणि धडधाकट दोन्ही प्रकारच्या लोकांना विचारलं का?

ग्रामसभेत ‘रोगराई येईल’ एवढंच म्हटलं, तर अधिकारी हसून सोडून देतात. त्यापेक्षा नेमकं विचारावं. कच्चा माल कुठून येणार? किती अंशांवर तापवणार? स्लरी आणि स्पेंटवॉश कुठे सोडणार? विहिरींचं पाणी दर किती दिवसांनी तपासणार? बगॅसच्या ढिगावर काम करणाऱ्यांना मास्क मिळणार का?

हे पाळाच

- गोबरगॅसच्या किंवा स्लरीच्या खड्ड्यात एकट्याने कधीही उतरू नका. आत कोणी पडलं तर मागोमाग उडी मारू नका. १०८ वर आणि अग्निशमन दलाला फोन करा.
- स्लरी कोथिंबीर, पालक, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांवर वरून टाकू नका. आधी कंपोस्टमध्ये कुजवा किंवा पेरणीपूर्वी जमिनीत मिसळा. हात साबणाने धुवा.
- जुना बगॅस, बुरसट कडबा उपसताना एन-९५ मास्क लावा. रुमाल बांधून भागत नाही. धूळ उडू नये म्हणून आधी पाणी मारा.
- खोकला, ताप घेऊन दवाखान्यात गेलात तर आपण काय काम करता ते डॉक्टरांना आधी सांगा.
- मोड आलेली मटकी, मेथी लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना कच्ची देऊ नका. उसळ करून, नीट शिजवून द्या.