मशीहाच्या स्वरूपाचा वाद व मलबारचे सुरियानी ख्रिस्ती

चेन्नईजवळील सेंट थॉमस टेकडीवर १५४७ सालीं पोर्तुगीज लोक प्रार्थनामंदिराचा पाया खणीत असतां त्यांस एक कोरीव दगडी क्रूस सांपडला. क्रूसाभोंवतीं पहलवी लिपींत एक लहानसा लेख आहे, व तशाच लेखाचे क्रूस केरळांत कोट्टयम वगैरे ठिकाणींही आहेत. ए. सी. बर्नेल यांनीं १८७३ त हा लेख विद्वानांपुढें मांडिला, तेव्हां त्यांस त्यांत मशीहा व परमेश्वर यांच्या ऐक्याचें सिद्धान्तवाक्य दिसलें. १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्याच्या सरकारी पाठशाळेंत संस्कृताचे अध्यापक असलेले मार्टिन हौग यांस त्याच अक्षरांत श्रद्धाळूस दिलेलें कृपेचें आश्वासन आढळलें, ई. डब्ल्यू. वेस्ट यांचें वाचन तिसरेंच. पुढें १९२९ सालीं सी. पी. टी. विंकवर्थ यांनीं जें वाचन प्रसिद्ध केलें त्यांत सिद्धान्त मुळींच नाहीं. हा क्रूस कोरणाऱ्या, चहारबुख्ताच्या पुत्रावर प्रभु मशीहानें दया करावी, एवढीच त्यांत विनंती आहे. त्या पुत्राच्या नांवाविषयीं मतभेद राहिला, परंतु लेख हा प्रार्थनेचा आहे ही गोष्ट पुढील संशोधकांनीं बहुधा मान्य केली आहे.

हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, मलबारच्या प्राचीन ख्रिस्ती लोकांस 'नेस्टोरियन' ही जी संज्ञा इतिहासग्रंथांत सरसकट लाविली जाते, ती त्यांच्या शिलालेखांवरून आलेली नाहीं. ती कोठून आली हें पाहावयाचें तर पांचव्या शतकांतील कॉन्स्टँटिनोपलास गेलें पाहिजे.

नेस्टोरियस हा ४२८ सालीं त्या राजधानीचा बिशप झाला. येशू हाच मशीहा व तो पूर्ण देव, याविषयीं त्याचा व त्याच्या प्रतिपक्षाचा वाद नव्हता. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेचा निर्णय दोघांसही मान्य होता. वाद होता तो त्या एकाच पुरुषाच्या ठायीं देवत्व व मनुष्यत्व कोणत्या प्रकारें एकत्र आलीं याचा. लोक मरियेस 'थेओटोकोस' म्हणजे देवजननी म्हणत. नेस्टोरियसाचें म्हणणें असें कीं, अनादि देवास आई कशी असेल? तिला 'ख्रिस्तोटोकोस', म्हणजे मशीहाची माता, म्हणावें. अलेक्झांड्रियाचा सिरिल यास यांत मशीहाचे दोन तुकडे झालेले दिसले. मरियेच्या मांडीवरचें बाळ व विश्वाचा कर्ता हे जर एकच नव्हेत, तर क्रूसावर मेला तो कोण, आणि त्याच्या मरणानें मनुष्याचा उद्धार कसा झाला, असा त्याचा सवाल होता. सवाल खरा होता. तो लढविण्याची रीत मात्र निराळी. ४३१ च्या जून महिन्याच्या २२ व्या तारखेस सिरिलानें एफेसस येथें परिषद उघडली, तेव्हां अँटिओकचा योहान व त्याच्या बाजूचे बिशप अद्याप वाटेंतच होते. एका दिवसांत नेस्टोरियस पदच्युत झाला. चार दिवसांनीं योहान येऊन पोंचला व त्यानें आपली निराळी सभा भरवून सिरिलासच पदच्युत केलें! ४३३ त त्या दोघांची तडजोड झाली. नेस्टोरियस मात्र ईजिप्तांत हद्दपारींतच मेला.

येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. देवशब्दाचा देहधारी स्वभाव एकच, हें सूत्र सिरिल अथेनेशियसाच्या अधिकारावर वापरीत असे. ज्या लेखांत तें होतें तो लेख वस्तुतः अपोलिनारियस याचा, कीं ज्याचें मत पूर्वींच पाखंड ठरलें होतें. त्याच्या अनुयायांनीं अथेनेशियसाचें नांव घालून तो चालविला होता. बनावट महजर पुढें करून वतनाचा कज्जा जिंकल्याचे दाखले आपल्या दप्तरांतून मिळतात, तशांतलाच हा प्रकार, फक्त सिरिलास तो बनाव ठाऊक नव्हता. ४५१ च्या चाल्सेडनच्या परिषदेनें 'एक व्यक्ति, दोन स्वभाव' असें ठरविलें, तेव्हां सिरिलाच्या सूत्रास चिकटून राहिलेले ईजिप्त व सीरियांतील पुष्कळ लोक तिच्याबाहेर पडले.

या खटपटींत इराणच्या ख्रिस्ती मंडळीचें अंग नव्हतें. ससानी राज्यांतील ही मंडळी ४२४ सालींच पश्चिमेकडील बिशपांच्या अधिकारांतून मोकळी झाली होती. एडेसाची पाठशाळा ४८९ त बादशहा झेनो यानें बंद केली, आणि तेथील परंपरा निसिबिसास नांदूं लागली. सातव्या शतकाच्या आरंभीं बाबाई यानें मशीहाच्या ठायीं दोन 'क्याना', दोन 'क्नोमा' व एक 'पर्सोपा' असें सूत्र बांधिलें. 'क्नोमा' हा ग्रीक 'हिपोस्टासिस' याचा रूढ पर्याय, म्हणून ग्रीकांस दोन क्नोमा म्हणजे दोन व्यक्ति वाटत. सुरियानी आचार्यास मात्र त्या शब्दानें स्वभावाचें प्रत्यक्ष, विशिष्ट रूप एवढेंच अभिप्रेत असे. शत्रूंनीं या मंडळीस नेस्टोरियसाचें नांव दिलें. तो तिचा संस्थापक नव्हे.

हिचा हात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोंचला होता. सहाव्या शतकाच्या मध्यास लिहिणारा कॉस्मास इंडिकोप्लेउस्टेस सांगतो कीं, मिऱ्यांच्या 'मले' देशांत ख्रिस्ती मंडळी आहे, व 'कल्लिआना' येथें इराणांतून नेमलेला बिशप आहे. कल्लिआना म्हणजे ठाण्याजवळचें कल्याण, असें पुष्कळ मानितात. कोणी उडुपीजवळचें कल्याणपूर सुचवितात. कान्हेरीच्या लेखांत वारंवार येणारें व्यापारी कल्याण ध्यानांत घेतां पहिला पक्ष मला सबळ वाटतो. तथापि बिशप कोठून येई इतकेंच कॉस्मास सांगतो. तेथील लोक मशीहाविषयीं काय मानीत याचें एक अक्षरही तो लिहीत नाहीं.

तें अक्षर मिळतें तें एक हजार वर्षांनीं, आणि तेंही विरोधकाच्या दप्तरांत. गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यानें १५९९ च्या जून महिन्यांत उदयंपेरूर येथें धर्मसभा भरविली. सुरियानी लोकांचा पूर्वेकडून आलेला शेवटचा बिशप मार अब्राहाम १५९७ त वारला होता, आणि त्यानेंही रोमची सत्ता मान्य केलेली होती. सभेनें नेस्टोरियसास शाप दिला, त्याचें व त्याच्या परंपरेंतील आचार्यांचें स्मरण उपासनेंतून काढलें, मरियेस देवजननी म्हणणें आवश्यक ठरविलें, आणि सुरियानी पोथ्या दुरुस्तीसाठीं अथवा जाळण्यासाठीं हवालीं करण्याचा हुकूम दिला. निषिद्ध पोथ्यांचीं नांवें व त्यांतील दोष ठरावांतच नमूद आहेत, म्हणून त्या ग्रंथांची यादी आपणांस ते नष्ट करणाऱ्यांच्याच हातून मिळते. तीवरून मलबारच्या पोथ्यांत इराणी मंडळीचें मत होतें याविषयीं शंका राहत नाहीं, आणि हे लोक पूर्वापार रोमच्याच मताचे होते असें जे प्रतिपादितात त्यांचें म्हणणें टिकत नाहीं. परंतु पोथीचें मत तेंच लोकांचें मत, ही उडी घेण्यापूर्वीं पुढील हकीकत पाहावी.

३ जानेवारी १६५३ रोजीं मट्टांचेरी येथें क्रूसापुढें शपथ घेऊन मोठ्या समाजानें जेझुइटांची सत्ता झुगारली. बारा पाद्र्यांनीं मस्तकावर हात ठेवून आर्चडीकन थोमा यास बिशप केलें. पण बिशपाच्या हातावांचून झालेल्या त्या दीक्षेविषयीं लोकांचें मन साशंक राहिलें. अशांत १६६५ सालीं मार ग्रेगोरियोस आला. तो अँटिओकच्या सुरियानी पॅट्रिआर्काच्या मंडळीचा, म्हणजे सिरिलाच्या सूत्रास चिकटलेल्या, नेस्टोरियसास कट्टर पाखंडी मानणाऱ्या मंडळीचा होता. ज्यांच्या बापआजांच्या उपासनेंत नेस्टोरियसाचें स्मरण होत असे, त्यांनीं या बिशपास आदरानें आपलें म्हटलें. त्यांस सुरियानी भाषेंत उपासना चालविणारा व रोमच्या बाहेरचा खरा दीक्षित बिशप हवा होता. एफेससचा वाद त्यांच्या अंगणांत कधीं आलाच नव्हता. १७०८ च्या सुमारास पूर्वेकडील मंडळीचा मार गब्रिएल आला, तर कांहीं गांवच्या मंडळ्या त्याच्याही मागें गेल्या. मत मागाहून आलें. चौथा मार थोमा यानें अँटिओकच्या पॅट्रिआर्कास लिहिलेल्या पत्रांत मार गब्रिएल मशीहाचे दोन स्वभाव सांगतो अशी तक्रार केली आहे. १५९९ पर्यंत मलबारच्या पोथ्या सांगत असलेली शिकवण हीच होय. ती शंभर-सव्वाशें वर्षांत त्यांच्याच वंशजांस परकी झाली होती.

नेस्टोरियसाची स्वतःची कैफियत, 'हेराक्लिडीसचा बाजार' नांवाचें पुस्तक, १८९५ त कुर्दिस्तानच्या डोंगरांत सुरियानी भाषांतरांत सांपडलें व १९१० त बेडजान यानें छापलें. त्यांत तो दोन मशीहा मानण्याचा आरोप नाकारतो, आणि रोमच्या लिओनें चाल्सेडनपूर्वीं लिहिलेल्या पत्रांत आपलेंच मत पाहतो. ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं पोप दुसरा जॉन पॉल व पूर्वेकडील मंडळीचा पॅट्रिआर्क चौथा मार डिन्खा यांनीं संयुक्त निवेदनावर सही करून देवजननी व मशीहाची माता या दोन्ही नांवांस एकाच श्रद्धेचीं म्हणून मान्यता दिली. या मंडळीची हिंदुस्थानांतील शाखा थ्रिसूर येथें आहे. ती मलबारांत प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली नाहीं: १८७४ त मार मेल्लुस या बिशपाच्या येण्यानें तिचा गट फुटून निघाला, व १९०८ त मार अबिमलेक तिमोथियस पूर्वेकडून आल्यावर ती त्या मंडळीशीं जोडली गेली.