सूड आणि राज्य

एखाद्या मनुष्याच्या पोटच्या मुलाचा घात होतो. दरबार किंवा न्यायासन त्याची दाद घेत नाहीं. आणि मग तो शोकाकुल बाप स्वतःच मारेकऱ्यांच्या पाठीस लागून एकेकास गांठतो व संपवितो. हें कथानक नाटककार, कादंबरीकार व चित्रपटकार या तिघांनाहि सारखेंच प्रिय आहे. आणि तें आजचें नव्हे. अभिमन्यूचा वध झाल्यावर दुसऱ्या दिवसाच्या सूर्यास्तापूर्वीं जयद्रथास मारण्याची जी प्रतिज्ञा अर्जुनानें केली, ती ऐकतांना पुराणास बसलेल्या श्रोत्यांचा श्वास पिढ्यान् पिढ्या रोखला गेला आहे. बापाचा शोक जितका खरा, तितकें ऐकणाऱ्याचें मन त्याच्या हातांतील शस्त्रामागून धांवतें. शेवटचा वैरी पडला कीं पडदा पडतो, आणि प्रेक्षक समाधानानें घरीं जातात.

इतिहासाला ही सवलत नाहीं. वैरी पडल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय झालें, हेंहि त्याला सांगावें लागतें. सुडाची किंमत कोणी दिली आणि नफा कोणाच्या पदरांत पडला, हा हिशेब पडदा पडल्यानंतरच सुरू होतो. मराठ्यांच्या इतिहासांत या हिशेबाचीं दोन ठळक उदाहरणें आहेत. एकांत सूड पुरा झाला. दुसऱ्यांत पुत्रशोकानें पेटलेल्या बापाची प्रतिज्ञा अपुरी राहिली. पहिलें उदाहरण सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूरच्या आसमंतांत घडलें, आणि दुसऱ्याचा नायक त्याच प्रदेशाच्या कडेनें वाहणाऱ्या नीरेच्या कांठीं जन्मला. म्हणून दोहोंचा विचार येथें एकत्र करण्याचें योजिलें आहे.

वेळापूर हें माळशिरस तालुक्यांतील जुनें गांव. अर्धनारी नटेश्वराचें येथील मंदिर भाविकांस परिचित आहे, तर रामचंद्रदेव यादवाच्या काळचे येथील शिलालेख अभ्यासकांस. आषाढीच्या वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसाहून येथें येते, आणि गांवाजवळच्या उतारावर वारकरी ‘धावा’ करतात; पंढरपूर जवळ आलें या आनंदानें हजारों माणसें धांवत सुटतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस मात्र हा सारा मुलूख सैन्यांच्या येण्याजाण्यानें तुडविला जात होता. पश्चिमेस शंभुमहादेवाचा डोंगर व म्हसवडच्या माने देशमुखांचें वतन. पूर्वेस पंढरपुराच्या पलीकडे, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस, १६९५ पासून १६९९ पर्यंत खुद्द औरंगजेबाची छावणी. आमच्या पहिल्या कथेचा आरंभ दूर कर्नाटकांत झाला, शेवट त्या डोंगरांत झाला, आणि तिचा आनंदोत्सव त्या छावणींत झाला.

या कथेंत बळी पडलेला पुरुष म्हणजे सेनापति संताजी घोरपडे. त्याचा बाप म्हाळोजी घोरपडे हा १६८९ सालीं संगमेश्वरीं, संभाजी महाराज शत्रूच्या हातीं लागले त्या प्रसंगीं, लढतां लढतां पडला. बापाच्या रक्ताचें ऋण संताजीच्या शिरावर होतें, आणि तें त्यानें कसें फेडलें हें मोगल इतिहासकारांनींच लिहून ठेविलें आहे. त्याच वर्षीं तुळापुरास बादशाही गोटावर त्यानें छापा घातला. १६९५ च्या नोव्हेंबरांत कर्नाटकांत दोड्डेरीच्या गढींत कासीमखानास कोंडून त्यानें मोगली फौजेची अन्नान्नदशा केली. कासीमखानाचा तेथेंच अंत झाला, आणि उरलेल्या सरदारांनीं जबर खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंत बसवापट्टणाजवळ हिंमतखान मारला गेला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. संताजीचा वैयक्तिक सूड आणि राज्याचें कार्य यांची दिशा एकच होती. म्हणून त्याच्या क्रोधाचें राज्याला सामर्थ्य मिळालें.

पण ज्या क्रोधास शत्रूपुढें लगाम लागत नाहीं, तो घरांतहि आंवरत नाहीं. संताजीची शिस्त कडक, शासन कठोर व जीभ तिखट. धनाजी जाधवाशीं त्याचें वितुष्ट आलें आणि राजाराम महाराजांचीहि मर्जी उतरली. १६९६ सालीं जिंजीच्या बाजूस आयेवारकुटी येथें मराठ्यांचींच दोन सैन्यें एकमेकांवर तुटून पडलीं. संताजीनें ती लढाई जिंकली. धनाजीच्या बाजूनें लढणारा अमृतराव निंबाळकर त्याच्या हातीं लागला, तेव्हां त्यास त्यानें हत्तीच्या पायाखालीं देवविलें. स्वतः राजाराम महाराजहि त्या दिवशीं त्याच्या हातीं सांपडले होते. त्यांच्यापुढें मात्र दुसऱ्या दिवशीं तो हात बांधून उभा राहिला, असें सांगतात. धन्यापुढें इतका नम्र होणारा पुरुष पाडाव झालेल्या स्वजनाशीं इतका निर्दय कां झाला, याचें समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. तो अन्याय होता, आणि त्याची दाद मागण्यास जागा नव्हती, एवढें खरें.

अमृतरावाची बहीण राधाबाई म्हसवडच्या नागोजी मान्यास दिलेली होती. पुढें संताजीचें सेनापतिपद गेलें व तें धनाजीस मिळालें. १६९७ सालीं धनाजीनें त्याचा पाठलाग चालविला, तेव्हां संताजीचे लोक एकेक करून त्याला सोडून गेले. कालपर्यंत ज्याच्या नांवानें मोगल सरदारांच्या तोंडचें पाणी पळे, तो मूठभर सोबत्यांनिशीं माणदेशाच्या डोंगरांत आश्रय शोधूं लागला. एका वृत्तांताप्रमाणें नागोजीनें प्रथम त्यास अन्न देऊन वाटेस लाविलें. परंतु भावाचें मरण न विसरलेल्या राधाबाईनें नवऱ्याला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. शंभुमहादेवाच्या परिसरांतील एका ओढ्यावर थकलाभागला संताजी स्नान करीत असतां नागोजीनें त्याला गांठून त्याचें मस्तक कापलें. हा प्रसंग जूनमधला.

येथपर्यंतची कथा नाटकास योग्य आहे. बहिणीचा शोक खरा, मरणाराचा अपराध खरा, आणि न्याय झाला असें म्हणणाऱ्यास एकदम गप्प बसवितां येणार नाहीं. पण दुसरे दिवशींची सकाळ पाहा. नागोजीनें तें मस्तक तोबऱ्यांत घालून घोड्याला अडकविलें होतें. वाटेंत तोबरा गळून पडला आणि फिरोजजंगाच्या माणसांस तो सांपडला. मस्तक ओळखलें गेलें आणि बादशहाकडे रवाना झालें. ती वार्ता घेऊन जो ख्वाजा बाबा ब्रह्मपुरीस पोंचला, त्याला औरंगजेबानें ‘खुशखबरखान’ असा किताब दिला. संताजीचें शिर छावणींतून आणि दक्षिणेंतील कांहीं शहरांतून मिरविण्यांत आलें. मोगलांची चाकरी सोडून मराठ्यांस मिळालेल्या नागोजीस पूर्वीच्या अपराधाची क्षमा झाली. जें काम कासीमखान व हिंमतखान यांना प्राण वेंचूनहि साधलें नाहीं, तें एका मराठ्याच्या घरच्या शोकानें बादशहाला फुकट करून दिलें. राधाबाईचा भाऊ परत आला नाहीं. स्वराज्याचा सर्वांत कर्तबगार सेनानी मात्र गेला. पुढल्याच वर्षाच्या आरंभीं जिंजी पडली. मराठ्यांचें युद्ध त्यानंतरहि थांबलें नाहीं, हें त्या पिढीचें मोठेपण. परंतु संताजीचें नांव ऐकतांच मोगल सैन्यांत जी घबराट होई, ती दुसऱ्या कोणाच्या नांवानें पुन्हा तशी झाली नाहीं.

आतां दुसरें उदाहरण. माळशिरस तालुक्याच्या उत्तरेकडून नीरा वाहत जाऊन पुढें नरसिंहपुराजवळ भीमेस मिळते. त्याच नीरेच्या वरच्या बाजूस होळ गांवीं, संताजीच्या मृत्यूपूर्वीं चार वर्षें, १६९३ सालीं मल्हारराव होळकराचा जन्म झाला. मेंढपाळाच्या कुळांत जन्मलेल्या या पुरुषानें माळव्यांत राज्य उभें केलें. त्याचा पुत्र खंडेराव. आणि खंडेरावाची पत्नी अहिल्याबाई.

१७५४ च्या आरंभीं राघोबादादांच्या सेनापतित्वाखालीं मराठ्यांनीं सूरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्यास वेढा घातला. खंडणीचा आंकडा जुळत नव्हता. मार्च महिन्यांत खंडेराव मोर्चांची पाहणी करीत असतां किल्ल्यावरून आलेला गोळा लागून तो जागींच ठार झाला. साठी उलटलेल्या मल्हाररावाच्या डोळ्यांपुढें अंधार पसरला. सूरजमलाचें शिर कापीन आणि कुंभेरीची माती यमुनेंत टाकीन, नाहींतर प्राण देईन, अशी प्रतिज्ञा त्यानें केल्याचें प्रसिद्ध आहे. जयद्रथाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या छावणीला त्या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

सूरजमल मोठा धोरणी. होळकराची समजूत पडणार नाहीं हें ओळखून त्यानें आपलें पागोटें जयाप्पा शिंद्याकडे पाठविलें. यांत त्याच्या राणी किशोरीचा सल्ला होता असें सांगतात. जयाप्पानें पागोट्याचा मान राखिला. शिंदे तहाकडे वळले, राघोबादादांनाहि वेढा लांबविण्यांत लाभ दिसेना, आणि मे महिन्यांत तीस लक्ष रुपये हप्त्यांनीं घेण्याचें ठरून वेढा उठला. प्रतिज्ञा करणारा बाप तसाच परतला. किल्ला उभा, वैरी जिवंत, आणि पुत्र मातींत. त्यानें हें मनोमन क्षमेनें केलें असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. होळकर आणि शिंदे यांच्यांतील तेढ याच प्रसंगानें अधिक रुंदावली, आणि तिचीं कडू फळें मराठ्यांना उत्तरेंत पुष्कळ दिवस चाखावीं लागलीं. मल्हाररावाचा सूड अपुरा राहिला तो राज्याच्या गरजेपुढें, स्वतःच्या इच्छेनें नव्हे. पण तो अपुरा राहिल्यानें काय झालें, तें पाहण्यासारखें आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें. उपाशी, उघडे, जखमी असे हजारों मराठे, आणि त्यांत बायकामुलेंहि, कडाक्याच्या थंडींत दक्षिणेची वाट शोधीत सूरजमलाच्या मुलखांत शिरले. मोहिमेच्या आरंभींच सूरजमल मराठ्यांस सोडून निघून गेला होता. त्याला त्यांच्याविषयीं प्रेम वाटण्याचें कांहीं कारण उरलें नव्हतें. तरीहि त्यानें व राणी किशोरीनें या लोकांस अन्न, वस्त्र व वाटखर्च दिला आणि ग्वाल्हेरीकडे सुखरूप पोंचविण्याची व्यवस्था केली. बाजीरावाचा पुत्र समशेरबहाद्दर जखमी अवस्थेंत त्याच्याच मुलखांत मरण पावला, तेव्हां त्याचें दफनहि तेथेंच सन्मानानें झालें. कुंभेरीच्या वेढ्यांत मल्हाररावाची प्रतिज्ञा तडीस गेली असती, सूरजमलाचें शिर कापलें गेलें असतें, तर सात वर्षांनीं त्या थंडींत दार उघडण्यास कोण राहिलें असतें? महाराष्ट्रांतील कित्येक घरांचे वंश पुढें चालले, ते एका बापाचा सूड फसला म्हणून.

दैवाची करणी येथेंच संपत नाहीं. १७६३ च्या अखेरीस नजीबखानाच्या सैन्याशीं लढतां सूरजमल मारला गेला. त्याचा पुत्र जवाहिरसिंग बापाच्या मरणाचा बदला घेण्यास निघाला आणि त्यानें १७६४ सालीं दिल्लीस वेढा घातला. त्यानें द्रव्य देऊन मदतीस बोलाविलें तें मल्हाररावास! ज्याचें शिर मागितलें होतें, त्याच्याच मुलाच्या सुडांत हा म्हातारा भाडोत्री सोबती होऊन गेला, आणि त्यानें मन लावून मदत केली नाहीं, नजीबखानाशीं त्याचें आंतून सूत होतें, असा आक्षेप जाटांनीं घेतला. पुढें वेढा तहांत संपला आणि जवाहिरसिंगाचाहि सूड अपुराच राहिला. दहा वर्षांपूर्वीं जी आग विझणार नाहीं असें वाटलें होतें, तिची एवढीच राख उरली.

मग मल्हाररावाचा पुत्रशोक वांयां गेला काय? आमच्या मतें नाहीं. कुंभेरीच्या छावणींत त्यानें आणखी एक गोष्ट केली, आणि ती प्रतिज्ञेपेक्षां मोलाची ठरली. खंडेरावाच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईहि निघाली होती. तिला त्यानें विनवण्या करून परत फिरविलें. मुलगा गेला तेथें सुनेलाच त्यानें मुलगा मानलें, कारभार शिकविला, आणि आपण मोहिमेवर असतां मुलूख व तोफखान्याची सामग्री यांची जोखीम पत्रांतून तिच्यावर सोंपविली. १७६६ सालीं तो वारला. पुढल्या वर्षीं नातू मालेराव गेला. आणि त्यानंतर १७९५ पर्यंत, सुमारें अठ्ठावीस वर्षें, अहिल्याबाईनें जें राज्य केलें त्यास तुलना नाहीं. शोकाला करण्यासारखें हेंहि एक काम असतें: मेलेल्यासाठीं मारावयाचें नसेल तर जिवंत उरलेल्यास जगवावें.

राधाबाईचा दोष काढण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ज्याचें जळतें त्यालाच कळतें. राजानें न्याय करावयाचा, तो केला नाहीं, म्हणून तिच्या घरीं तलवार उपसली गेली. हा दोष आधीं राज्याचा, मग तिचा. पण सुडाच्या कथेंत रमणाऱ्या वाचकानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, शेवटचा वैरी पडल्यावर ‘खुशखबर’ कोणाला पोंचली, हें विचारल्याखेरीज ती कथा पुरी होत नाहीं.

वेळापुराहून पंढरपुरास जाणारा वारकरी धावा करून निघतो, तो दुसऱ्या मुक्कामानंतर चंद्रभागेच्या कांठीं पोंचतो. तेथें होळकरांचा वाडा आहे. ज्या घराण्याचा एकुलता पुत्र कुंभेरीच्या मोर्चांत पडला, त्याच घराण्याच्या सुनेची स्मृति तेथें भक्तांच्या गर्दींत उभी आहे. सूरजमलाचें शिर आणतां आलें असतें, तर तें दाखविण्यास छावणींत चार दिवस गर्दी झाली असती, याहून अधिक कांहीं नाहीं.